पेशंटबरोबर कोण आहे?

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, १० मार्च रोजी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



१८९७ साली आजच्याच तारखेला सावित्रीबाई गेल्या. पुण्यात प्लेगची साथ होती. डॉक्टर झालेल्या त्यांच्या दत्तक मुलाने, यशवंताने, हडपसरजवळ, गावाबाहेर, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई आसपासच्या वस्त्यांतून आजारी माणसं तिथे पोचवत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला एक मुलगा प्लेगने पडला आहे असं कळल्यावर त्यांनी त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. त्या सेवेतच त्यांना लागण झाली.

ही हकिकत आपण शाळेत ऐकतो, हात जोडतो आणि पुढे जातो. मला आज तिच्या शेजारी त्याच शहरातली, त्याच दिवसांतली दुसरी एक हकिकत ठेवायची आहे. १८९७च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला आणि वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली पुण्यात प्लेगची मोहीम सुरू झाली. गोरे सोल्जर घरात शिरू लागले. माजघरापासून देवघरापर्यंत झडत्या झाल्या. आजारी सापडला की त्याला उचलून इस्पितळात न्यायचं, घरच्यांना वेगळ्या छावणीत. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. प्रेतंसुद्धा लपवली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास तुम्हाला पाठ आहे.

वैद्यकाच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीकडे काम एकच चाललं होतं. आजारी माणसाला दाट वस्तीतून काढायचं आणि वेगळं ठेवून उपचार करायचे. फरक होता तो आजाऱ्याच्या शेजारी कोण आहे याचा. एकीकडे बूट घातलेला शिपाई होता, दुसरीकडे त्याला पाठीवर घेऊन आलेली आणि तिथेच थांबलेली बाई होती. सरकारी रुग्णालयांमध्ये मी जी नोकरी केली, तिच्यात हा फरक मला रोज दिसत आला. म्हणून आजचा विषय मी त्यावरच बेतला आहे.

माझं पद होतं समाजसेवा अधीक्षक, वैद्यकीय. हे पद असतं हे या सभागृहातल्याही कित्येकांना ठाऊक नसेल. वॉर्डात आम्हाला 'सोशल वर्करबाई' म्हणतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत, कागद नाहीत, नातेवाईक नाहीत किंवा जायला घर नाही, असा रुग्ण आला की डॉक्टर आमच्याकडे कॉल पाठवतात.

आणि त्या वॉर्डात दिवसभरात सर्वात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, तर 'पेशंटबरोबर कोण आहे?' कॅज्युअल्टीच्या दारात हाउसमन हेच विचारतो. सिस्टर विचारते, एक्स-रेवाला विचारतो, रक्तपेढीवाला खिडकीतून विचारतो. 'कुठे दुखतंय?' हा प्रश्न त्यानंतर येतो.

असं का होतं, ते समजून घ्या. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत रुग्णासोबतचा माणूस हा रुग्णालयाचा बिनपगारी नोकर असतो. केसपेपर तो काढतो. स्ट्रेचरला एका बाजूने वॉर्डबॉय मामा असेल तर दुसऱ्या बाजूने हाच असतो. रक्ताची बाटली हातात देऊन त्याला लॅबला पाठवतात आणि संध्याकाळी रिपोर्टसाठी तोच पुन्हा रांगेत उभा राहतो. बाहेरची चिठ्ठी मिळाली की मेडिकलच्या दुकानात तोच धावतो. रात्री सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणारा तोच, आणि रक्त लागलं की दाता उभा करणाराही तोच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. मी ज्या वॉर्डांत वावरले तिथे रात्रपाळीला एक सिस्टर आणि चाळीसच्या वर पेशंट, त्यातले काही खाली गादीवर, हे नेहमीचं दृश्य होतं. मधला सगळा खड्डा कोण भरून काढतं? कॉटखाली वर्तमानपत्र पसरून झोपलेली आई किंवा भाऊ.

आता या माणसाचा दिवस गरिबाच्या घरात काय असतो बघा. तो रोजंदारीवर जाणारा असतो. पेशंट झोपला त्या दिवशी घरातली एक मजुरी बुडते आणि सोबतीला माणूस आला की दुसरी बुडते. गावाकडे लेकरं शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात, शेरडं कुणीतरी पाहत असतं. २०१२च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या आरोग्य योजनेने ऑपरेशनचा खर्च गरिबाच्या डोक्यावरून बऱ्याच अंशी उतरवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मोल फार मोठं आहे. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं भाडंही धरलेलं असतं. पण सोबत थांबलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, त्याचं पोट, त्याची झोप हे कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

म्हणून रुग्ण निघून जातात. वॉर्डाच्या भाषेत त्याला 'डामा' म्हणतात, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर जाणं. मांडीचं हाड मोडलेला, वजन लावून ठेवलेला शेतमजूर पहिला पाऊस पडल्याची बातमी येते तेव्हा अस्वस्थ होतो आणि तिसऱ्या दिवशी अंगठा उठवून निघतो. बाळंतपणानंतर रक्त चढवायचं बाकी असलेली बाई घरी एकट्या असलेल्या थोरल्या मुलीसाठी निघते. केसपेपरवर एक ओळ पडते की समजावून सांगूनही रुग्णाने उपचार नाकारले. त्यांनी उपचार नाकारलेले नसतात. थांबण्याची किंमत त्यांच्याकडे संपलेली असते. आणि हा माणूस तीन महिन्यांनी पाय वाकडा जुळलेला घेऊन परत आला की पहिली शिवी त्यालाच बसते.

आपण डॉक्टरांनी कसं प्रेमाने वागावं, सिस्टरने कसं गोड बोलावं यावर खूप बोलतो. मला तसं बोलायचं नाही. मी अत्यंत कनवाळू रेसिडेंट पाहिले आहेत. स्वतःच्या खिशातून औषध आणणारे, पेशंटच्या पोरीला वही घेऊन देणारे. तेच पोर सलग छत्तीस तास ड्यूटी झाल्यावर रात्री अडीच वाजता म्हातारीवर खेकसतं. त्याचा स्वभाव रातोरात पालटलेला नसतो. करुणा जोपर्यंत कुणाच्या तरी स्वभावावर सोडलेली आहे, तोपर्यंत ती गरिबाला नशिबाने मिळणार. चांगला डॉक्टर ड्यूटीवर असला तर मिळेल, नसला तर नाही. मला ती नेमणूक, जागा, वेळ आणि पैसा यांत उतरलेली हवी आहे, म्हणजे दमलेल्या माणसाच्या हातूनही ती पोचेल.

अमेरिकेत रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरला हे १९०५ साली उमगलं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये औषध लिहून दिलेले गरीब रुग्ण बरे न होता पुन्हा पुन्हा येतात, कारण घरची परिस्थिती औषधाला हरवते, हे त्याने पाहिलं आणि रुग्णालयात सामाजिक कार्यकर्ती नेमली. आपल्याकडे आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला, आणि त्याच साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. म्हणजे ही कल्पना आपल्याला स्वातंत्र्याच्या आधीपासून ठाऊक आहे. मग आजही हे पद कित्येक रुग्णालयांत रिकामं का असतं, आणि भरलेलं असलं तर त्या माणसाला शिबिरांच्या उद्घाटनाची आणि आकडेवारीची कामं का लावली जातात?

धर्मादाय रुग्णालयांचंच घ्या. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ कक आणि त्यावर उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली आलेली योजना सांगते की, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. बिलांच्या रकमेतून २ टक्के निर्धन रुग्णनिधीत बाजूला काढायचे. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता जीव वाचवण्यापुरते उपचार द्यायचे. यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रुग्ण निर्धन आहे की नाही हे कागद बघून ठरवण्याचं काम योजनेने रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकावर सोपवलं आहे. म्हणजे कायद्याने दार ठेवलं आणि त्या दारावर माणूसही बसवला. तो माणूस गरिबाला आत घेण्यासाठी बसला आहे की बाहेर ठेवण्यासाठी, हे त्याला पगार देणारे ठरवतात. तहसीलदाराचा दाखला आणायला बापाला दोन दिवस तालुक्याला पाठवायचं, की रेशनकार्डावर आज दाखल करून घ्यायचं? दोन्ही निर्णय नियमात बसतात. पोर वाचतं की नाही ते त्या दोन दिवसांवर असतं.

आजाऱ्यासोबतच्या माणसालाही जागा लागते, हे गाडगेबाबांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या यात्रेकरूंसाठी, हे आपण जाणतो. पण दादरला त्यांच्या नावाने जी धर्मशाळा उभी आहे, ती एकदा जाऊन बघा. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारी माणसं आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये गावी परत जाणं परवडत नाही, मुंबईत भाड्याने राहणं त्याहून परवडत नाही, मग ही माणसं जाणार कुठे? काही परळच्या फूटपाथवर प्लॅस्टिक बांधून राहतात, तेही आपण जाता-येता बघतो. ज्याला झोपायला जागा आणि दोन वेळचं अन्न मिळालं, तो सहा महिन्यांची ट्रीटमेंट पुरी करतो. न मिळालेला मध्येच सोडून जातो. कर्करोगाच्या उपचारात धर्मशाळेची खोली औषधाइतकीच कामाची असते, हे कुठल्याही ऑन्कॉलॉजिस्टला विचारा. शिक्षण नसलेल्या, हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला आजाऱ्यासोबत आलेला माणूसही दिसला. आपल्या रुग्णालयांचे नकाशे काढणाऱ्या शिकलेल्या माणसांना तो अजून दिसत नाही. नकाशात ऑपरेशन थिएटर असतं, पार्किंग असतं. बाळंतिणीच्या सासूने रात्री पाठ कुठे टेकायची, ते नसतं.

एका ठिकाणी मात्र हे आधी विचारून मग बांधलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत १९८६च्या सुमाराला आले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी स्वतः काढलं नाही, लोकांना विचारलं. लोक म्हणाले, तुमच्या त्या मोठमोठ्या इमारतींची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बघून जीव घाबरतो, पांढरं तर आम्ही मेलेल्याला घालतो. आमच्या माणसाला आत घेता आणि आम्हाला बाहेर काढता. आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही. यातल्या एकाही मुद्द्यावर त्यांनी लोकांना अंधश्रद्धाळू ठरवलं नाही. त्यांच्या शोधग्राममधला दवाखाना गोंडांच्या गावासारखा, सुट्या झोपड्यांचा झाला. नातेवाईक रुग्णाजवळच राहतात, तिथेच चूल मांडतात. दवाखान्याला नाव मिळालं दंतेश्वरी मातेचं.

मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या संशोधनातून काय दिसलं ते. राणीताईंनी तिथल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कुणी तपासलं होतं फक्त ८ टक्के जणींना. लक्षात घ्या, दुखणं नवं नव्हतं. ज्या तपासणीत बाईला लाज, भीती, ओरडा यांतून जावं लागत होतं त्या तपासणीला ती आजवर गेली नव्हती, एवढंच. विश्वासाची माणसं शेजारी आली तेव्हा बाया बोलल्या आणि शास्त्राला ते दुखणं पहिल्यांदा दिसलं. नवजात बाळांच्या बाबतीतही तेच. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं, बाळंतिणीच्या घरी तिला पाठवलं, बाळाचा श्वास मोजायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि २०११पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात वेळा जातात. आई एकटी नसली की बाळ जगतं, इतकं ते साधं आहे, आणि ते मोजूनही सिद्ध झालेलं आहे.

करुणा आणि शास्त्र या दोन वेगळ्या वाटा आहेत असं मानणाऱ्यांना मी नेहमी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम सांगते. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसं, त्यांत लहान मुलं फार, काही तासांत दगावत होती. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हा तरुण डॉक्टर रात्रभर त्या रुग्णांच्या उशाशी बसून राहिला. घाम कधी सुटतो, नाडी कधी बदलते, फुप्फुसात पाणी कधी भरतं, हे तो लिहून काढत राहिला. त्या नोंदी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आल्या. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी या विषावर कशी चालते हे त्यांनी दाखवलं, आणि गंभीर दंश झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते एका टक्क्यावर आलं. ज्या रोग्यांना मोठ्या शहरात कुणी पाहिलं नसतं, त्यांच्याजवळ कुणीतरी जागं राहिलं म्हणून हे औषध सापडलं.

इथपर्यंत मी सोबतच्या माणसाची बाजू मांडली. आता तिची दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर मी माझ्या नोकरीशी प्रामाणिक राहणार नाही. सोबतचा माणूस दर वेळी रुग्णाच्या बाजूचा असतोच असं नाही.

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९च्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका मोठ्या प्रमाणात होत्या, कित्येक तिशीच्या आत-बाहेरच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फेडेपर्यंत दोघं बांधलेली असतात. एक दिवस काम बुडवलं तर खाडा लागतो, ५०० रुपयांपर्यंत दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत बाईने काय करावं याची कुणाला फिकीर नाही. पोटात दुखतं, अंगावरून जातं म्हणून ती तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. साध्या औषधांनी बरा होणारा संसर्ग असेल, ते कुणी सांगत नाही. पैसे कुठून येतात? पुष्कळदा मुकादमाच्या पुढच्या उचलीतून.

मग मला सांगा, त्या टेबलावर पडलेल्या बाईबरोबर कोण आहे? नवरा आहे, त्याला खाड्याची चिंता आहे. मुकादम आहे, त्याला हंगाम चालायला हवा. डॉक्टर आहे, त्याला ऑपरेशनचं बिल मिळणार आहे. सगळे तिच्या भल्याचंच बोलतात, गोड बोलतात, आणि पंचविशी-तिशीतल्या बाईचा एक अवयव जातो. नंतर कंबर धरते, हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, आणि पुढच्या हंगामात डोक्यावर मोळी तीच असते. सौजन्याचं प्रशिक्षण देऊन यातलं काय थांबलं असतं? बीडमध्ये या शस्त्रक्रियांआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली गेली, चौकशी समिती बसली, त्याने फरक पडला. कारण तिथे प्रथमच तिच्या नात्यात किंवा देण्याघेण्यात नसलेला कुणीतरी मध्ये आला.

जळीत वॉर्डात हे मी फार जवळून पाहिलं आहे. स्टोव्हचा भडका उडाला असं सगळे सांगतात. उशाशी सासू बसलेली असते, पायाशी नवरा. पोलीस जबाब घ्यायला येतात, ती त्या दोघांकडे बघते आणि भडकाच उडाला म्हणते. अशा वेळी माझं काम असायचं सोबतच्यांना काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवणं, आणि तिच्याजवळ बसणं. काही बोलल्या, काही नाही बोलल्या. मुंबईत सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते याच अनुभवातून. मार घेऊन आलेली बाई पडले म्हणून सांगते तेव्हा तिला एकटीला भेटायचं, विचारायचं, तिने मागितलं तर पोलीस आणि वकिलापर्यंत न्यायचं, आणि हे सगळं रुग्णालयाच्या आतच, रुग्णालयाच्याच माणसांनी करायचं. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांनीही ते उचललं. व्यवस्थेत उतरलेली करुणा मी म्हणते ती अशी असते. तिला जागा असते, नेमलेली माणसं असतात.

आणि काहींजवळ कुणीच नसतं. १०८ची गाडी रस्त्यावरून उचलून आणते. केसपेपरवर लिहितात 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५'. त्याला वळवायला कुणी नाही, म्हणून पाठीला जखमा होतात. भरवायला कुणी नाही, म्हणून ताट तसंच परत जातं. वॉर्डातल्या मावशींनी, शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकांनी अशी माणसं जगवलेली मी पाहिली आहेत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण ते त्यांचं काम म्हणून कुणी त्यांना दिलेलं नव्हतं.

काहींच्या सोबत त्यांची जात येते. पारधी बाई वॉर्डात दाखल झाली की शेजारचे मोबाईल उशाखाली घेतात. अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, वॉर्डात तो अजून चालतो. एकदा कुणाचं पाकीट हरवलं आणि अशाच एका बाईची पिशवी सर्वांसमोर उपसली गेली. त्यात बाळाचे कपडे आणि भाकरीचे तुकडे निघाले. पाकीट नंतर मालकाच्याच गादीखाली सापडलं. तिची कुणी माफी मागितली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॉट रिकामी होती. तिच्या पोटातला गोळा घेऊनच ती गेली.

मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागण्या देतात, त्याला डम्मा म्हणतात. असं बाळ घेऊन कोरकू आई आली की पहिल्यांदा तिच्यावर ओरडा होतो. राग समजण्यासारखा आहे, त्या जखमा बघवत नाहीत. पण ती रात्रभर चालून, भूमकाकडून, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडून, निघून शेवटी तुमच्या दारात आलेली आहे. ओरडा खाल्लेली आई पुढचं बाळ आणत नाही. तिला मराठी कळत नाही, तुम्हाला कोरकू येत नाही, मग समजावणार कोण? कोरकू, माडिया, पावरी बोलणाऱ्या रुग्णांच्या जिल्ह्यांत दुभाषी हे मंजूर पद असलं पाहिजे, एक्स-रे तंत्रज्ञासारखं. त्याच समाजातली दहावी-बारावी झालेली मुलं-मुली मिळतात. त्यांना पगार द्या, वॉर्डात बसवा.

मला विचाराल की करायचं काय, तर माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. रक्ताचे नमुने पोचवायला आणि रिपोर्ट आणायला रुग्णालयाचा माणूस हवा, नातेवाईक नको. प्रत्येक वॉर्डाजवळ सोबतच्या माणसांसाठी झोपण्याची जागा, संडास, प्यायचं पाणी आणि कुलपाची पेटी हवी. समाजसेवा अधीक्षकांची सगळी पदं भरा आणि त्यातलं एक रात्रपाळीला ठेवा, कारण माणसं रात्रीच निघून जातात. डामाच्या फॉर्मवर सही घेण्याआधी कुणीतरी रुग्णाजवळ पंधरा मिनिटं बसून एवढंच विचारावं की घरी काय अडलंय. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा अडलेली गोष्ट एका फोनने, एसटीच्या भाड्याने किंवा गावच्या आशाताईला निरोप दिल्याने सुटते. आणि इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक होऊ घातलेल्या डॉक्टरला एक दिवस ॲप्रन काढून एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकासोबत फिरवा. केसपेपरच्या रांगेपासून रक्तपेढीच्या खिडकीपर्यंत. त्याला दुसरं काही शिकवू नका, फक्त त्या नातेवाइकाबरोबर उभं राहू द्या.

यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे, म्हणून शेवटी तेवढं सांगते. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे थोडा का होईना, खर्च करता येईल असा निधी येतो. तिच्या बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं, आणि ते कुणी मागायला जात नाही. २००७ सालापासून आपल्या राज्यात काही जिल्ह्यांत लोकांनी आरोग्य सेवांवर देखरेख ठेवून जनसुनवाया घेतल्या. तिथे गावच्या बायकांनी डॉक्टरांसमोर उभं राहून विचारलं, औषध असताना बाहेरची चिठ्ठी का देता? कित्येक ठिकाणी त्या चिठ्ठ्या थांबल्या. तुम्ही मागच्या वर्षीचं इतिवृत्त मागा. निधी रंगरंगोटीवर गेला का, कुंड्यांवर गेला का, बघा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक विषय घालायला लावा, नातेवाइकांसाठी झोपायची जागा. खोली मिळाली नाही तर व्हरांड्याला पत्रा आणि जाळी मागा, रात्री दिवा मागा, बायकांच्या संडासाला कडी मागा. बैठकीला एकट्याने जाऊ नका, चार जणी-चार जण मिळून जा. पावसाळ्याच्या आधी जा, कारण जूननंतर वॉर्ड भरतात आणि व्हरांड्यात पाणी येतं.